रकाना सतरा : मसणाचा रस्ता

रकाना १ ते ६

गावाचं नाव, तालुका, घरं, विहिरी, दुकानं, देवळं. हे रकाने कार्यालयातच भरून ठेवतात, मागच्या वर्षीच्या फॉर्मवरून उतरवून. तंजावरच्या समता कक्षात, म्हणजे जातिभेदाच्या तक्रारी बघणाऱ्या पोलीस शाखेत, गावांना नावांनी कोणी बोलत नाही. ओरत्तनाडूच्या बाजूचं हे गाव यादीत सदतिसावं आहे.

"सदतीसचं काय?"

"सदतीस शांत आहे."

शांत म्हणजे कोणी लिहून दिलेलं नाही.

रकाना ९ : चहाच्या दुकानात वेगळे पेले आहेत काय?

भुवना या कक्षात सांख्यिकी निरीक्षक आहे. गणवेश नाही, फॉर्म आहे, बावीस रकान्यांचा. न्हावी सगळ्यांचे केस कापतो का, देवळात कोण कुठपर्यंत जातं, चहा कशात देतात, हे बघून लिहायचं. माणसं घरी सापडावीत म्हणून आदल्या दिवशी गावात फोन करायची पद्धत आहे. त्यामुळे ती जाते तेव्हा चहाच्या दुकानात सगळ्यांना कागदी कप असतात. कागदी कप दिसले की लिहायचं, भेद नाही. कप वर्षभरापासून आहेत की काल संध्याकाळी आणले, याला रकाना नाही.

घरातल्या पेल्यांनाही रकाना नाही.

रकाना १७ : मसणाचा रस्ता सामाईक आहे काय?

जूनच्या शेवटी सदतीसमधून एक अर्ज आला. वहीच्या कागदावर, खाली नाव नाही.

"माझे वडील अजून जिवंत आहेत, म्हणून आत्ताच लिहिते. आमच्या गावात मोठ्या रस्त्याच्या टोकाला पूल आहे आणि पुलापलीकडे मसण. आमच्या वस्तीतलं माणूस गेलं की त्या रस्त्याने नेऊ देत नाहीत. आम्ही तिरडी डोक्यावर धरून कालव्यातून पलीकडे जातो. उन्हाळ्यात कालवा कोरडा असतो. धरणाचं पाणी सुटलं की छातीभर. माझे वडील त्या कालव्याचे पाटकरी आहेत. तीस वर्षं तेच दार उघडतात, तेच मिटवतात. वस्तीत मयत झालं की ते दोन तास दार मिटवतात, पाणी गुडघ्याखाली उतरतं, मग माणूस नेतात. आता त्यांची फुप्फुसं गेली आहेत. डॉक्टर म्हणाले, पोंगल बघणार नाहीत. ते गेल्यावर त्यांच्यासाठी दार कोण मिटवणार? त्यांना रस्त्याने न्यायचं आहे. नाव लिहीत नाही. लिहिलं तर आईचं काम जाईल."

कक्षाचे निरीक्षक प्रवीणकुमार यांनी अर्ज वाचला आणि चष्मा कपाळावर ढकलला.

"माणूस अजून मेला नाही आणि मिरवणुकीचा मार्ग मागतोय! जरा आगाऊ आरक्षण झालं हे." मग हसू आवरून म्हणाले, "पण मुलगी हुशार आहे. मेल्यावर अर्ज केला तर फाइल हलेपर्यंत प्रेत नासतं. तू जाऊन ये, भुवना. रकाना सतरामध्ये 'नाही' असं येऊ दे. अर्ज उभा असला आणि तुझा शेरा असला, की एका फोनवर दोन तासांत बंदोबस्त पाठवतो. पोलीस पुढे, तिरडी मागे. अर्जाबद्दल मात्र गावात बोलायचं नाही."

भुवनाला पहिल्याच वाचनात कळलं होतं. पाटकरी म्हणजे सुंदर. त्याची बायको राजम तीस वर्षं भुवनाच्या मामांच्या मागल्या अंगणात आणि गोठ्यात काम करते. लिहिणारी त्यांची मुलगी, नित्या, तंजावरला कॉलेजात शिकते.

नातेवाईक असलेल्या गावात तपासणीला जाऊ नये, असा नियम आहे. मामा तिथे राहतात हे भुवनाने सांगितलं नाही. कोणी विचारलंही नाही.

रकाना ७ : माहिती कोठे बसून घेतली?

(हा रकाना आधी यायला हवा होता.)

मोठ्या रस्त्यावर, मामांच्या ओसरीत. नेहमी तिथेच घेतात. तिथे खुर्ची आहे, पंखा आहे, कॉफी येते. खालच्या वस्तीतल्या दोघा-चौघांना तिथेच बोलावतात. ते पायरीशी उभे राहून "काही त्रास नाही" असं सांगतात आणि जातात.

मामांचं नाव कृष्णस्वामी. पाणीवाटप संघाचे अध्यक्ष, सत्तरीचे, गोरेपान, थट्टेखोर. घरात मराठी बोलतात. महाराष्ट्रातलं माणूस आलं तर निम्मं त्याच्या डोक्यावरून जाईल, अशी. साडेतीनशे वर्षांपूर्वीची क्रियापदं आणि आजची तमिळ भाजी.

"ये भुवने! आम्हांवर केस घालायला आलीस काय?"

"घालूं की मामा. आधीं कापी द्या."

"कापी प्यायलीस कीं ती लांच होते. विचार तुझ्या साहेबाला."

मामी कॉफी ठेवून आत गेली. वस्तीतली माणसं येऊन, सांगून, गेली. ओसरीच्या कडेला राजम नारळाची झावळी कापत होती, झाडू करायला. तिचा स्वतःचा पेला मागल्या भिंतीवर पालथा होता, भुवना लहान होती तेव्हापासून तिथेच असतो. भुवनाने तिकडे पाहिलं आणि फॉर्म मिटला.

तिला वाटलं, पोलीस कशाला? मामा चांगले आहेत. सुंदरला ताप आला तर ते स्वतः गोळ्या नेऊन देतात. एक शब्द टाकला तर बंदोबस्ताशिवाय, ओरड्याशिवाय होईल. राजमसमोर बोलायचं म्हणून तिने आवाज खाली आणला नाही. वस्तीतल्या माणसांशी तमिळ चाललं होतं, ती मराठीवर आली. या घरात सगळे तेच करतात. गड्यांसमोर, विक्रेत्यांसमोर, बसमध्ये शेजारच्या बाईच्या नेसण्याबद्दल. मराठीत बोललं की दार लावून घेतल्यासारखं वाटतं.

"मामा, सुंदर कांहीं फार दिवस काढणार नाहीं. त्याला रस्त्यानें जाऊं द्या. तुम्ही सांगितलेंत तर तेरू ऐकेल." तेरू म्हणजे रस्ता, आणि रस्त्यावरची सगळी घरं.

"हें तुला कोणी सुचविलें?"

"आमच्याकडे लिहून आलें आहे."

"नांव?"

"नांव नाहीं." भुवनाने कॉफीचा घोट घेतला. "पण आपल्या पाटकऱ्याच्याच घरचें. पोरीचें अक्षर आहे. मीं सांगितलें म्हणूं नका."

मामांनी उपरणं खांद्यावर सारखं केलं.

"तो माझा जीव आहे, भुवने. तीस वर्षांत माझ्या शेताचा एक वाफा कोरडा ठेवला नाहीं त्यानें. पण जीव वेगळा, रस्ता वेगळा." मग त्यांनी हात झटकला. "बघूं. मीं बोलतों."

राजम झावळी कापत होती. सुरीचा आवाज एकसारखा येत होता, मध्ये थांबला नाही. भुवनाने नंतर तो आवाज पुष्कळदा आठवून पाहिला. थांबला नव्हता.

रकाना १८ : तक्रारी

पाच दिवसांनी दुसरा कागद आला. टंकलेला, खाली नित्याची सही आणि सुंदरचा अंगठा.

"आमच्या गावात कोणताही भेद नाही. सर्व लोक बंधुभावाने राहतात. पूर्वीचा अर्ज मी गैरसमजातून केला होता. तो मागे घेत आहे. माझ्यावर कोणाचाही दबाव नाही."

प्रवीणकुमार म्हणाले, "ज्या कागदावर 'दबाव नाही' असं लिहिलेलं असतं, तो मी दोनदा वाचतो." दोनदा वाचला. फाइलला लावला. "निनावी अर्ज केला होता. नाव कसं कळलं त्यांना?"

भुवना म्हणाली, "गाव लहान आहे, सर."

त्यांनी मान डोलावली. फाइल बंद झाली. रकाना १७मध्ये तिने तोपर्यंत काही लिहिलेलं नव्हतं. त्या संध्याकाळी लिहिलं: सामाईक.

रकाना ०

या क्रमांकाचा रकाना फॉर्ममध्ये नाही.

ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यात, सकाळी नऊला, भुवना कार्यालयाची पायरी चढत असताना फोन आला. अनोळखी नंबर.

"पाप्पा, ते गेले. पहांटे."

लहानपणी तिला 'पाप्पा', म्हणजे बाळ, अशी हाक मारणारी माणसं दोनच. भुवनाला वाटलं, मामी बोलतेय. तेच हेल, तेच शेवट ओढणं. म्हणजे मामा गेले.

"मामी? काय झालें?"

"मामी नव्हें. राजम."

भुवना पायरीवर थांबली. मागून येणारा शिपाई तिला वळसा घालून वर गेला.

"राजम... तुला मराठी येतें?"

"तीस वर्षें झालीं कीं. तुम्ही सगळीं आमच्यासमोरच बोलतां." श्वास ऐकू येत होता, आणि मागे रडणं. "त्या दिवशीं तूं बोललीस तें ऐकलें. दुसऱ्या दिवशीं ऐयांनीं, तुझ्या मामांनीं, नित्याला बोलावलें. मारलें नाहीं. कागद पुढें ठेवला, आणि म्हणाले, तुझी आई उद्यांपासून कोठें जाईल? बस एवढेंच."

"राजम, मीं त्यांच्या भल्यासाठीं..."

"तें असूं दे. आतां रस्ता मागत नाहीं. दार तेवढें मिटवायला सांग. दोन तास. दाराचें चाक फिरवायचा दांडा ऐयांच्या गोठ्यांत आहे. आमच्या माणसांना देत नाहींत."

भुवनाने मामांना फोन लावला. मामांनी लगेच उचलला. त्यांचा आवाज बसलेला होता. ते खरोखर रडले असावेत.

"मीं एकटा काय करूं, भुवने? तेरू म्हणत्ये, अर्ज करणाऱ्यांनीं सरकारकडूनच पाणी उतरवून घ्यावें. आधीं कोणीं अडविलें होतें काय? सुंदर दार मिटवी, आम्ही बघून न बघितल्यासारखें करीत होतों. कागद गेला आणि तें मोडलें."

"दांडा तुमच्या गोठ्यांत आहे, मामा."

"दांडा गोठ्यांत आहे. गोठा तेरूंत आहे."

रकाना १९ : तक्रार कशी उघड झाली?

प्रवीणकुमार चहा पीत होते. भुवना उभ्यानेच बोलली. सगळं. मामा नातेवाईक आहेत ते, ओसरी, कॉफी, कोणता शब्द कोणत्या शब्दानंतर आला ते.

त्यांनी पेला खाली ठेवला. थट्टा केली नाही.

"अर्ज मागे घेतलेला आहे. गाडी कशाच्या आधारावर मागू? तुझ्या पश्चात्तापाच्या?"

"अर्ज दबावाखाली मागे घेतला. दबाव आला, कारण मी सांगितलं. ऐकणारी साक्षीदार आहे."

"मराठीत बोललीस ना तू? कोण ऐकणार?"

"राजम. मयताची बायको. तिला येतं."

त्यांनी कोरे कागद तिच्यापुढे सरकवले. "जबाब आण. तिचा, तिच्या सहीचा. फोटो काढून पाठव, मी त्या क्षणी फोन करतो. पण त्या जबाबात आरोपीच्या जागी तुझं नाव येईल, हे कळतंय ना?"

"हो सर."

"आणि मराठीचा तमिळ अनुवाद कोण करणार? जिल्ह्यात आपल्याकडे मराठीची नोंद असलेली कर्मचारी एकच आहे." ते खुर्चीत मागे रेलले. "आरोपीच दुभाषी. जा. बसने जाऊ नकोस, माझी स्कूटर घे."

रकाना २० : जबाब

ती अकराला पोचली. मामांच्या घरावरून गेली, थांबली नाही. ओसरीत कोणी नव्हतं, पंखा फिरत होता.

खालच्या वस्तीत सुंदरला अंगणात ठेवलं होतं. नेसवलेलं, हार घातलेला, हनुवटी फडक्याने बांधलेली. डफ वाजत होते. सुंदरचा थोरला भाऊ, एक काळा वाकलेला म्हातारा, तिरडीची गाठ तपासत होता. नित्याने भुवनाला पाहिलं आणि तोंड फिरवलं.

राजम झोपडीच्या दारात बसली होती. भुवना तिच्यासमोर जमिनीवर बसली. इथे खुर्ची नव्हती.

"अम्मा, तमिळमध्ये सांग," नित्या कोरडेपणाने म्हणाली. "लवकर होईल. यांना परत उतरवायला नको."

"नको," राजम म्हणाली. "तमिळमध्यें सांगितलें तर ऐया म्हणतील, राजमला मराठी कोठें येतें, तिला काय कळलें? मीं त्याच भाषेंत सांगत्यें. मग कोणाला म्हणतां येणार नाहीं."

भुवनाला आपली भाषा लिहिता येत नव्हती. घरातलं मराठी कोणीच लिहीत नाही. तिने राजमचे शब्द तमिळ अक्षरांत उतरवायला घेतले, आणि प्रत्येक ओळीखाली त्याचं तमिळ.

"मीं राजम. त्या दिवशीं मीं ओसरीच्या कडेला झावळ्या कापीत होत्यें. पाप्पा खुर्चीवर होती. ऐया पाटावर."

"पाप्पा नको," भुवना म्हणाली. "माझं नाव सांग."

"भुवना खुर्चीवर होती. कापी पीत होती. तेंही लिही."

तिने लिहिलं.

"ऐयांनीं विचारलें, नांव? भुवना म्हणाली, नांव नाहीं. मग घोट घेतला. मग म्हणाली, आपल्या पाटकऱ्याच्याच घरचें."

भुवनाचं पेन तिथे थोडं अडलं. तमिळमध्ये एक शब्द इकडचा तिकडे केला असता, तर ते वाक्य अंदाज झालं असतं. 'असावं' असं. कोणी तपासणार नव्हतं. ते वाक्य ऐकून तपासू शकणारं माणूस समोर बसलं होतं, आणि त्याला वाचता येत होतं फक्त स्वतःचं नाव.

तिने जसं होतं तसं लिहिलं.

थोरला भाऊ जवळ आला. "अजून किती वेळ, मॅडम?"

"गाडी मागवतो आहोत. दोन तास. पोलीस येतील, रस्त्याने नेता येईल. थांबा, आजोबा."

म्हातारा तिच्याकडे बघून हसला. दात नव्हते. "पहाटे गेलाय तो. ऊन बघताय ना? संध्याकाळी वरच्या गावाची पाण्याची पाळी संपते, मग पाणी आणखी चढतं. हे मला शिकवायची गरज नाही, त्यानेच शिकवलंय." त्याने तिरडीकडे बोट केलं. "दोन तास त्यांनी दार मिटवलं असतं, तर आम्ही दोन तास थांबलो असतो."

भुवनाने अर्ध्या जबाबाचाच फोटो काढून पाठवला. प्रवीणकुमारांचा निरोप आला: सही नाही. सही लागते. मग लगेच दुसरा: गाडी पट्टुकोट्टैला, पुढाऱ्याच्या सभेला गेलीय. तरी पाठवतो. तीन तास धर.

माणसांनी तिरडी उचलली.

रकाना १७ (पुन्हा)

वस्तीतल्या बायका मसणात जात नाहीत. नित्या निघाली. कोणी अडवलं नाही. भुवना कालव्याच्या काठापर्यंत गेली.

डफ काठावर थांबले. कातडं भिजलं की आवाज जातो, म्हणून ते नेहमी तिथेच थांबतात. त्यानंतर नुसतं पाणी ऐकू येत होतं. सहा जण उतरले. पहिल्या पावलाला मांडी, तिसऱ्याला कंबर, मग छाती. त्यांनी हात सरळ वर केले. तिरडी डोक्यांवरून हळूहळू पुढे सरकली. मध्ये एकाचा पाय घसरला, सुंदरचा एक पाय बाहेर आला आणि पाण्याला लागला. पाच जणांनी तोल धरला. हार वाहून गेला, खाली पुलाच्या खांबाला जाऊन अडकला आणि तिथेच हलत राहिला. वरच्या अंगाला दार सताड उघडं होतं.

पुलावर तीन-चार माणसं उभी होती. त्यांत मामा होते. त्यांनी खांद्यावरचं उपरणं काढून हातात घेतलं होतं, मयताला मान द्यावा तसं. ते खाली बघत होते. कोणी कोणाला अडवलं नाही. बंदोबस्त असता तरी त्याला करायला काही नव्हतं, इतकं सगळं शांत होतं.

नित्या काठावरून पुलाकडे बघत होती. पलीकडे जायला तिला पाणी झेपणारं नव्हतं; पूल होता, पण वडिलांना नाकारलेल्या वाटेने तिला जायचं नव्हतं. ती वळून परत आली.

रकाना २० (पुढे चालू)

राजम दारातच बसली होती. अंगणातली जागा रिकामी होती, तिथे फुलांच्या पाकळ्या आणि शेणाचा ओला चौकोन.

"गेले?"

"गेले."

"पाणी किती?"

भुवनाने छातीशी हात नेऊन दाखवला. राजमने मान हलवली. तिला तो अंदाज होता. तिने आयुष्यभर नवऱ्याचे कपडे वाळत घातले होते.

भुवनाने कागद घडी घालायला घेतले. "राजम, मला क्षमा कर. आता या जबाबाचा..."

"घडी कां घालत्येस? अर्धें राहिलें आहे."

"आता कशाला? ते तर..."

"त्यांचें झालें." राजमने हात पुढे करून कागद पुन्हा सपाट केला, भुवनाच्या मांडीवर, तळव्याने, झावळीचं पान सरळ करावं तसा. "मीं आहें कीं अजून. एक दिवस नित्याला मला न्यायचें आहे. माझ्यासाठीं लिही."

नित्या दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. ती भुवनाच्या खांद्यावरून कागदाकडे बघत राहिली. तिला तमिळ ओळी वाचता येत होत्या.

भुवनाने पेन उघडलं.

"कोठें होतों आपण?" राजमने विचारलं. मग स्वतःच म्हणाली, "हां. मग भुवना ऐयांना म्हणाली, पोरीचें अक्षर आहे. मग म्हणाली, मीं सांगितलें म्हणूं नका."

तिने लिहिलं. वर मराठी, खाली तमिळ. शेवटी आरोपीचं नाव, हुद्दा, कार्यालय. राजमने सही केली, एकेक अक्षर थांबून. फोटो पाठवला तेव्हा अडीच वाजले होते.

तीनला जीप आली. मोठ्या रस्त्याने, हॉर्न वाजवत, पुलाशी जाऊन थांबली. एक तरुण हवालदार उतरला, त्याने रिकाम्या रस्त्याकडे दोन्ही बाजूंना बघितलं आणि फोनवर विचारलं, "मॅडम, बॉडी कुठाय?"

भुवनाने सदतीसचा फॉर्म पिशवीतून काढून मांडीवर घेतला. रकाना सतरामधलं 'सामाईक' एका रेघेने खोडलं, वाचता येईल असं, नियमाप्रमाणे. शेजारी तारीख घातली. रकाना दोन बोटांएवढा होता. तिने लिहिलं, 'नाही', आणि त्यापुढे, मावलं तेवढं, 'पाणी छातीपर्यंत'.